थायलंडातली तापी, बऱ्हाणपुरातली कनात: खान्देशाशी गाठ असलेली जगातली नवलं

तापीथडी
राम राम मंडळी. "तुम्हाला माहीत आहे का?" छाप फॉरवर्डांचा कंटाळा आला, म्हणून हा धागा. अट एकच. नवल जगातलं कुठलंही चालेल, पण त्याचं एक टोक खान्देशात असावं आणि ते कसं घडतं किंवा कसं तपासायचं हे सोबत लिहावं. नुसतं "अबब" नको.

सुरुवात नदीपासून. तापी मुलताईला उगम पावते, ७२४ किमी वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते, हे शाळेत झालंय. थायलंडातही एक तापी आहे, आणि तिचं नाव आपल्याच तापीवरून ठेवलेलं आहे. सहावा राम म्हणजे राजा वजिरावुध याने १९१५ साली तिथल्या एका गावाला सुरत थानी हे नाव दिलं. गावाचं नाव सुरत म्हटल्यावर शेजारच्या नदीचं नाव तापी झालं. ती खाओ लुआंग डोंगरात उगम पावते, साधारण २३० किमी वाहते आणि थायलंडच्या आखाताला मिळते. फरक असा की आपली तापी पश्चिमेला जाते आणि ती उत्तरेला.

को समुई बेटावर जाणाऱ्यांसाठी: बँकॉकहून सुरत थानी रेल्वेने सुमारे ६५० किमी. पण स्टेशन गावात नाही, फुनफिनला आहे, गावापासून बारा-तेरा किमी अलीकडे. बोटीचा धक्का त्याहून वेगळा, डोनसाकला, गावापासून साधारण ७० किमी. तिकीट काढताना बस आणि बोट दोन्ही जोडलेलं घ्या. नुसतं रेल्वेचं तिकीट काढलं की पहाटे फुनफिनला उतरून रिक्षावाल्यांच्या तोंडी लागावं लागतं.

कळण्याची_भाकरी
भारी शे भो! भारतात पश्चिमेला वाहणाऱ्या नद्या दोनच, नर्मदा आणि तापी. त्यातली एक आपली, आणि तिची जुळी थायलंडात.

ओळंबा
दोनच नाहीत. मही आणि साबरमती आहेत, कोकणातल्या झाडून साऱ्या नद्या आहेत, खाली शरावती आणि पेरियार आहेत. नर्मदा-तापीचं वेगळेपण दिशेत नाही. त्या जमिनीला तडे जाऊन खचलेल्या पट्ट्यातून वाहतात, म्हणून इतक्या लांबवर सरळसोट पश्चिमेला जातात. सातपुडा मध्ये उभा आणि दोन्ही बाजूंना खचलेली जमीन.

आता माझं नवल. नंदुरबारचा अक्षांश २१.३७ उत्तर. मक्का २१.४२. होनोलुलू २१.३. तिन्ही गावं एकाच दोरीत. म्हणजे नंदुरबारला ज्या दिवशी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, साधारण त्याच दिवशी तो काबावर येतो आणि होनोलुलूवरही. होनोलुलूत या प्रसंगाला 'लाहायना नून' म्हणतात. तिथल्या बिशप म्युझियमने स्पर्धा घेऊन हे नाव निवडलं. शहरात इसामू नोगुची यांचं एक शिल्प आहे, नळीचं वेडंवाकडं कडं. एरवी त्याची सावलीही वेडीवाकडी पडते, पण त्या दुपारी जमिनीवर तिचं अचूक वर्तुळ होतं.

आपल्याकडे हा शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो:
चाळीसगाव: २२-२३ मे आणि २१ जुलैच्या आसपास.
धुळे, जळगाव: २५ मे आणि १८ जुलैच्या आसपास.
शिरपूर, नंदुरबार: २७ मे आणि १६ जुलैच्या आसपास.
जुलैत ढग असतात, तेव्हा खरा भरवसा मे महिन्यावर.

लोक फसतात ते वेळेत. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर, असं धरून बारालाच बाहेर येतात, लांब सावली बघतात आणि "काही नसतं तसलं" म्हणून आत जातात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि जळगाव ७५.५६ वर. फरक ६.९४ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे जवळजवळ २८ मिनिटं. मेअखेरीस सूर्य घड्याळापेक्षा ३ मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. जळगावला मग १२:२५, धुळ्याला १२:२८, नंदुरबारला १२:३०. जुलैच्या मध्यात सूर्य ६ मिनिटं मागे असतो, तेव्हा ३ वजा करण्याऐवजी ६ मिळवा.

काठी कशी लावायची: मीटरभर लांबीचा सरळ पाइप घ्या. पाण्याच्या पातळीने तपासलेल्या फरशीवर तो ओळंब्याला लावून उभा करा. दोन दिशांनी ओळंबा बघा, एका दिशेने बघून भागत नाही. काठी एक अंश कलली तर तेवढ्यानेच १७ मिमी सावली पडते. चार मिनिटं उशीर झाला तरी तेवढीच. एक दिवस पुढेमागे झाला तर मात्र जेमतेम ३-४ मिमीचा फरक, आणि सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं असल्याने सावलीची कड तशीही पुसट असते. म्हणजे तारीख एखाद्या दिवसाने चुकली तर चालेल, मिनिट चुकून चालणार नाही.

गिरणाकाठ
मक्केचा मुद्दा आणखी पुढे नेता येतो. २७-२८ मे रोजी सौदी वेळेनुसार १२:१८ ला सूर्य काबाच्या माथ्यावर असतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे २:४८. त्या क्षणी खान्देशात उभ्या काठीची सावली काबाच्या बरोबर उलट दिशेला पडते. सावलीच्या टोकापासून काठीच्या बुडाकडे रेघ ओढली की ती किब्ल्याची, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा. होकायंत्र नको, ॲप नको. १५-१६ जुलैला हीच वेळ २:५७.

यातली गंमत अशी. अक्षांश एकच म्हटल्यावर दिशा सरळ पश्चिम निघायला हवी, असं वाटतं. निघत नाही. जळगावहून ती पश्चिमेच्या सुमारे सव्वासात अंश उत्तरेला निघते. गोलावरचा जवळचा रस्ता अक्षांशाच्या रेघेवरून जात नाही, तो वर कमान घेतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान थेट पश्चिमेला न जाता वर उत्तरेकडे का झुकतं, त्याचंही कारण हेच.

बाहेरगावी_जळगावकर
२६ मेनंतर जळगावात दुपारची सावली दक्षिणेला पडते का मग?

ओळंबा
हो, १८ जुलैपर्यंत. त्या पावणेदोन महिन्यांत दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत आलं की घर बांधताना दिशा चुकली असं वाटतं काहींना. दिशा बरोबरच असते.

रानवाट
पक्ष्यांचं एक टोक माझ्याकडे. रानपिंगळा.

१८७३ साली पक्षीशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूमने हा छोटा घुबड शास्त्रासाठी नोंदवला. नंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशातून काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ चा. पुढे पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, आणि जिवंत एकही नाही. फक्त एका नमुन्यावर चिठ्ठी होती १९१४ सालची, ठिकाण गुजरातेतलं तापीकाठचं मांडवी, गोळा करणारा रिचर्ड माइनर्ट्झहागेन. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक चुकीच्या जागी शोधत राहिले.

चिठ्ठी खोटी होती. माइनर्ट्झहागेनने ब्रिटिश संग्रहालयातलाच जुना नमुना उचलला होता, पुन्हा शिवला होता आणि स्वतःच्या नावाने परत दिला होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी तो क्ष-किरणांत तपासला. पेंढा भरण्याची पद्धत डेव्हिडसनची निघाली. प्रत्येक भरणाऱ्याची धाटणी वेगळी असते, शिंप्याच्या टाक्यासारखी. खोटी नोंद बाजूला ठेवल्यावर जुन्या खऱ्या जागा उरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

असे परत सापडलेले पक्षी जगात थोडे नाहीत. न्यूझीलंडचा टाकाहे १९४८ साली सापडला. बर्म्युडाचा काहाओ १९५१ साली, तो तर तीनशेहून जास्त वर्षं नामशेषच मानला जात होता. आपल्याकडे आंध्रात जर्डनचा धाविक १९८६ साली. पण चोरीची चिठ्ठी उघडी पाडून सापडलेला हा एकच असावा.

ओळखायचा कसा? गावातल्या चिंचेवर असतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, शेपटीवर रुंद ठळक पट्टे, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पाय दांडगे. आणि हा दिवसा हिंडतो. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसून शेपूट डावी-उजवी झटकत असेल तर दुर्बीण डोळ्याला लावा. सागाची पानं गळल्यावर दिसण्याची शक्यता जास्त. वनखात्याची परवानगी आधी काढा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका, तो स्वतःचा प्रदेश राखायला धावून येतो आणि तेवढ्यात ढोली उघडी राहते. ढोलीची जागा या धाग्यावर कुणी टाकू नये, ही विनंती.

कळण्याची_भाकरी
शिंप्याच्या टाक्यावरून चोर पकडला म्हणायचा.

मोटनाडा
बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या खान्देशाची राजधानी तीच. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला आणि मुलगा दानियाल याच्या नावावरून सुभ्याचं नाव 'दानदेश' करून टाकलं. ते टिकलं नाही, हे आपल्या जिभेवरून कळतंच. मुमताज महलही तिथेच गेली, १६३१ साली, आणि आग्र्याला नेण्याआधी सहा महिने तिचं दफन तापीपलीकडच्या बागेत होतं. हे बहुतेकांना माहीत असतं. मला लिहायचंय ते जमिनीखालचं.

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा म्हणजे इराणी कनात. (तंबूची कनात नव्हे, जमिनीखालून पाणी आणणारं भुयार.) १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने तिची आखणी केली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी तापीकडे झिरपतं. ते वाटेत अडवून भुयारातून शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही, वीज तर नाहीच. वरून बघितलं तर विहिरींची रांग दिसते, शंभरावर कुंड्या, खाली सगळ्या एकाच भुयाराला जोडलेल्या.

खोदतात कसं: डोंगराच्या पायथ्याशी आधी एक खोल विहीर घ्यायची, पाणी लागेपर्यंत. ही आई-विहीर. मग जिथे पाणी उघड्यावर आणायचं त्या खालच्या टोकापासून भुयार खोदत वर यायचं. वरून खाली खोदत आलं तर पाणी खोदणाऱ्याच्याच पाठीवर येतं. दर काही मीटरवर एक उभी कुंडी लागते, माती वर काढायला आणि आत हवा यायला. आतली रेघ सरळ ठेवायला मागे दोन दिवे ठेवतात. दोन्ही ज्योती एकीमागे एक दिसल्या की रेघ सरळ. दिवा मंदावला तर हवा खराब, तिथून लगेच मागे फिरायचं.

सगळी कसरत उताराची. हजाराला एक, फार तर तेवढाच. म्हणजे २० मीटरवरच्या पुढच्या कुंडीपर्यंत तळ फक्त २ सेंटिमीटर उतरायचा. उतार जास्त झाला की पाणी तळ खरवडतं आणि भिंती ढासळतात. कमी झाला की गाळ बसतो. काढलेली माती कुंडीच्या तोंडाभोवती कड्यासारखी रचतात, म्हणजे पुराचं पाणी आत शिरत नाही. इराणच्या वाळवंटावरून विमानाने जाताना खिडकीतून खड्ड्यांची लांब माळ दिसते, ती हीच कडी.

मूळ घराणं इराणातलं. गोनाबादची कनात ३३ किमी लांब, आई-विहीर ३०० मीटरहून खोल. अशा ११ कनाती २०१६ साली जागतिक वारसा झाल्या. ओमानमध्ये यांना फलज म्हणतात, ते २००६ मध्येच यादीत गेले. कुंडी भंडारा २०२४ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे.

बिघडतं कशाने? बऱ्हाणपूरचं पाणी चुन्याचं. भुयाराच्या भिंतींवर पांढरे थर चढतात, आणि झिरपण्याची छिद्रं बुजत जातात. दुसरं म्हणजे आसपासच्या बोअर. भूजल भुयाराच्या तळाखाली गेलं की कनात कोरडी, मग ती कितीही शाबूत असो. इराणातही बऱ्याच कनाती अशाच आटल्या.

गिरणाकाठ
कनातीचं पाणी वाटताना इराणात वेळ मोजायची ती 'फेंजान'ने: पाण्याने भरलेलं मोठं भांडं, त्यावर तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की एक पाळी. वाचताना ओळखीचं वाटलं ना? आपलं घटिकापात्र. २४ मिनिटांत बुडतं, दिवसरात्रीत ६० वेळा. घरी करून बघणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळा. पाणी गाळून घ्या, क्षार साचून छिद्र बारीक झालं की घटका लांबते. आणि हिवाळ्यात पुन्हा मोजा. गार पाणी दाट वागतं, छिद्रातून सावकाश शिरतं.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या वाटेने जाणाऱ्यांना भास्कराचार्य आठवतीलच. तिथल्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी ग्रंथात पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं आणि व्यास १५८१ पूर्णांक १/२४ योजनं दिलाय. भागून बघा, ३.१४१६ येतं, म्हणजे π. योजन नेमकं किती किलोमीटरचं यावर हवं तेवढं भांडा, भागाकार बदलत नाही.

फडकरी
पाणीवाटपावर दोन ओळी. पांझरा आणि मोसमवरची फड पद्धत: नदीत बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी अख्खा फडच कोरडा ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असल्याने झळ सगळ्यांना सारखी बसते.

स्पेनमधल्या वालेन्सियात याचा भाऊ सापडतो. पाण्याचं न्यायमंडळ दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दाराशी बसतं. आठ पाटांचे प्रतिनिधी, सगळे शेतकरी. कागद नाही, वकील नाही, निकाल तोंडी आणि तिथल्या तिथे. कुणी बोलायचं ते अध्यक्ष पायाने खूण करून सांगतो. २००९ साली युनेस्कोने त्याला अमूर्त वारसा म्हटलं. बघायला जाणार असाल तर बाराच्या आधी पोचा, तक्रार नसेल तर काही मिनिटांत उठतात.

तापीथडी
दगडाचं कुणीच लिहिलं नाही. धुळे-नंदुरबारात माळावरून मैलोन् मैल गेलेल्या काळ्या भिंती दिसतात, त्या कुणी बांधलेल्या नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला तेव्हा तो लांब भेगांतही शिरला आणि तिथेच थिजला. पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि भिंत उघडी पडली. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात. साक्री-धुळे-पारोळा असा एकच डाइक जवळपास ७९ किमी लांब आहे.

बांधलेली वाटते कारण दगड आडवे रचल्यासारखे दिसतात, जळाऊ लाकडाच्या थप्पीसारखे. कारण सोपं आहे. बेसाल्ट गार होताना आकसतो आणि त्याचे पाच-सहा बाजूंचे खांब पडतात, गार होणाऱ्या पृष्ठाला काटकोनात. आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला लाव्हा जमिनीवर पसरून गार झाला, म्हणून तिथले सुमारे ४०,००० खांब उभे. आपल्याकडे गारवा भेगेच्या दोन्ही बाजूंनी आला, म्हणून खांब आडवे. खात्री करायची तर भिंतीच्या कडेचा आणि मधला असे दोन तुकडे शेजारी धरून बघा. कडेचा बारीक कणांचा, कारण तो पटकन थिजला. मधला भरड.

कळण्याची_भाकरी
झिम्बाब्वेचा ग्रेट डाइक ५५० किमीचा आहे. ७९ म्हणजे त्याच्यापुढे कुंपणच.

तापीथडी
त्याचं नाव डाइक, पण तो डाइक नाही. थराथराने साचलेला, जमिनीखाली थिजलेला लांबट गोळा आहे तो, अडीचशे कोटी वर्षांहून जुना, म्हणून तर त्यात क्रोम आणि प्लॅटिनम सापडतं. खऱ्या डाइकशी तुलना करायची तर कोलोरॅडोतली स्पॅनिश पीक्स बघा. तिथे भिंती डोंगरापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघतात, आपल्याकडे बहुतेक एकमेकींना समांतर, पूर्व-पश्चिमेच्या आसपास.

मोटनाडा
विहीर घेणाऱ्यांच्या कामाचं: डाइक घट्ट असेल तर तो जमिनीखालचा बंधारा होतो. चढाच्या बाजूला पाणी अडतं, उताराच्या बाजूची विहीर कोरडी. पण डाइकच चिरफाळलेला असेल तर उलटं, पाणी त्याच्या चिरांतूनच धावतं. म्हणून दोन्ही बाजूंच्या जुन्या विहिरींची मे महिन्यातली पातळी आधी मोजा. वरच्या बाजूला पाणी बरंच उंच असेल तर भिंत घट्ट. दोन्हीकडे सारखी असेल तर झिरपती.

बाहेरगावी_जळगावकर
मेमध्ये पारोळ्याला आहे. डाइक आणि सावली दोन्ही एकाच दिवशी जमेल. वेळ काय धरू?

ओळंबा
पारोळ्याचा रेखांश ७५.१२. ८२.५ मधून गेले, उरले ७.३८, गुणिले ४ म्हणजे साडेएकोणतीस मिनिटं, त्यातून ३ वजा. २५ मेला १२:२६. साडेबाराला पोचलात तर मीटरभर काठीची दीड सेंटिमीटर सावली पूर्वेला निघालेली असेल. आणि पाइप डाइकवर उभा करू नका, तिथे सपाट जागा मिळत नाही. फरशीचा तुकडा सोबत न्या.